मॉन्स्टेरा आणि मनीप्लांटची कुंडी बदलताना: नागपूरच्या हवेत कधी, कशी आणि कोणत्या क्रमाने

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, मनीप्लांट या घरातल्या वेलांना सगळ्यात मोठा धोका असतो तो कुंडी बदलल्यानंतरच्या महिनाभरात. कुंडी बदलली, खालची पानं पिवळी पडली, म्हणून पाणी वाढवलं, आणि मग खोडच बुडाशी मऊ पडलं. हा क्रम इतक्या घरांत घडतो की त्याची कारणं आता पाठ झाली आहेत: चुकीचा महिना, गरजेपेक्षा मोठी कुंडी आणि काळी माती.

या वेली मूळच्या दमट जंगलातल्या, मोठ्या झाडांच्या खोडांवर चढणाऱ्या. त्यांची मुळं भुसभुशीत पालापाचोळ्यात आणि सालीच्या फटींत वाढतात. तिथे ओल असते, पण हवाही खेळती असते. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत ही मुळं गुदमरतात आणि सडतात. खालचा प्रत्येक टप्पा मुळांना हवा मिळावी यासाठीच आहे, म्हणून क्रम मोडू नका.

उदाहरण म्हणून ८ इंची कुंडीतला मॉन्स्टेरा १० इंची कुंडीत न्यायचा आहे असं धरलं आहे. मनीप्लांटसाठी जिथे वेगळं करायचं, तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: कुंडी खरंच बदलायची आहे का?

कुंडी बदलायला हवी हे सांगणाऱ्या खुणा अशा: खालच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत. पाणी घातलं की ते काही सेकंदांत सरळ खाली निघून जातं आणि दोन दिवसांत कुंडी पुन्हा कोरडी होते. झाड वरून जड होऊन कलंडतं. कुंडीच्या कडेने बोट खुपसलं तर मातीऐवजी मुळांची जाळीच लागते. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर कामाला लागा.

पुढच्या गोष्टींवरून मात्र निर्णय घेऊ नका. खोडावरून लोंबणारी हवाई मुळं हा या वेलींचा स्वभाव आहे, कुंडी अपुरी असल्याची तक्रार नव्हे. ती कापूही नका. नवीन पानं लहान येत असतील किंवा मॉन्स्टेराच्या पानांना चिरा पडत नसतील, तर बहुतेक वेळा उजेड कमी पडतो आहे किंवा चढायला आधार नाही. मोठ्या कुंडीने यातलं काहीच सुधारत नाही. सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं होणंही नेहमीचंच.

१२ इंची किंवा त्याहून मोठ्या कुंडीतल्या जुन्या झाडाला दरवेळी हलवायची गरज नसते. वरचा दोन इंचांचा थर खुरपीने अलगद काढायचा आणि नवीन मिश्रण भरायचं, तेवढ्यावर वर्ष निघतं.

नर्सरीतून कालच आणलेल्या झाडाला हात लावू नका. त्याला १०-१५ दिवस घरच्या उजेडाची आणि हवेची सवय होऊ द्या.

टप्पा २: महिना निवडा

नागपुरात दोनच मोसम निर्धोक आहेत. पहिला आणि उत्तम मोसम आर्द्रा नक्षत्र लागल्यानंतरचा, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून पोळ्यापर्यंत, फार तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. हवेत ओल असते, ऊन बोचत नाही आणि झाड जोरात वाढत असतं, त्यामुळे तुटलेली मुळं लवकर भरून निघतात. दुसरा मोसम थंडी ओसरल्यापासून होळीपर्यंतचा. यात हवा कोरडी होत चाललेली असते, पण झाडाला उन्हाळ्याआधी मुळं धरायला महिना-सव्वा महिना मिळतो.

एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत कुंडी बदलू नका. पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. पानं जितकं पाणी गमावतात तितकं दुखावलेली मुळं ओढू शकत नाहीत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, कुंडी बदललेलं झाड मातीत पाणी असूनही तहानेने माना टाकतं. मग आपण आणखी पाणी घालतो आणि मुळं सडतात. डिसेंबर-जानेवारीतही थांबा. रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की या वेलींची वाढ जवळजवळ बंद होते, ओलं मिश्रण आठवडा-आठवडा सुकत नाही.

अपवाद: मुळं सडल्याची खात्री असेल, मातीला कुजका वास येत असेल, खोड बुडाशी मऊ लागत असेल, तर महिना पाहू नका. मे महिना असेल तर काम संध्याकाळी करा आणि झाड घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा.

टप्पा ३: कुंडीचं माप

आताच्या कुंडीपेक्षा तोंडाला दोन इंच मोठी कुंडी घ्या. ६ ची ८, ८ ची १०. "लवकर वाढेल, पुन्हा बदलायला नको" म्हणून ८ वरून एकदम १४ इंची कुंडीत नेलेली झाडं हमखास आजारी पडतात. ज्या भागात मुळं पोहोचलेली नाहीत तिथलं पाणी कोणी ओढत नाही, तो भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि सड तिथूनच आत सरकते.

अंदाजासाठी: ६ इंची कुंडीत सुमारे २ लिटर, ८ इंचीत ४ ते ५ लिटर आणि १० इंचीत ८ लिटर मिश्रण मावतं. कंपनीगणिक उंची बदलते, त्यामुळे थोडा फरक पडेल.

मातीची की प्लास्टिकची? मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून पावसाळ्यात ती फार चांगली. पण आपल्या उन्हाळ्यात तीच कुंडी एका दिवसात कोरडी होते, शिवाय मुळं तिच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात आणि पुढच्या वेळी तुटतात. घरात ठेवायच्या वेलीसाठी भरपूर भोकांची प्लास्टिकची कुंडी घ्यावी आणि ती जड सिरॅमिकच्या किंवा सिमेंटच्या कुंडीत ठेवावी, हे जास्त सोयीचं. वजनामुळे झाड कलंडत नाही, पाणी घालायला आतली कुंडी उचलून बाहेर काढता येते. मातीचीच घ्यायची असेल तर नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी मिश्रणातलं पाणी तीच पिऊन टाकते.

माठासारखी, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद कुंडी या झाडांसाठी कधीच घेऊ नका. पुढच्या वेळी झाड बाहेर काढायला ती फोडावी लागेल.

तपासा: बुडाला करंगळी जाईल एवढी किमान चार भोकं आहेत का? नसतील तर तापवलेल्या सळईने किंवा ड्रिलने आधीच पाडून घ्या.

टप्पा ४: मिश्रण तयार करा

सगळ्यात जास्त झाडं या टप्प्यावर दगावतात, म्हणून इथे घाई नको.

काळी माती वापरू नका, थोडीही नको. शेतात कापूस-सोयाबीनला ती पाणी धरून ठेवते हा तिचा गुण. कुंडीत तोच घात करतो. ओली झाली की ती फुगते आणि हवेच्या जागा बुजतात. सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि भेगा पडतात. मग पाणी भेगांतून खाली पळतं, मधला गोळा कोरडाच राहतो आणि भेगा पडताना बारीक मुळंही तुटतात. बांधकामाची बारीक रेती मिसळून हे सुधारत नाही, उलट रेतीचे कण मातीत बसून मिश्रण आणखी घट्ट होतं. औष्णिक वीज केंद्रातली राख काही ठिकाणी फुकट मिळते, तीही कुंडीत घालू नका. ती पिठासारखी बारीक असते आणि सगळ्या फटी बुजवते.

साधारण ८ लिटर मिश्रणासाठी प्रमाण असं ठेवा. एक लिटरचा डबा माप म्हणून घ्या.

- भिजवून, धुऊन, पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा: ३ लिटर
- नारळाच्या सालीचे तुकडे, नर्सरीत कोको चिप्स म्हणून मिळतात ते: २ लिटर
- परलाईट (खनिजाचे फुलवलेले पांढरे, हलके दाणे) किंवा धानाचं जाळलेलं काळं तूस: दीड लिटर
- चाळलेलं गांडूळखत: दीड लिटर
- निंबोळी पेंड: अर्धी वाटी, सुमारे ५० ग्रॅम

जाळलेलं तूस भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यामुळे आपल्याकडे परलाईटपेक्षा स्वस्तात मिळू शकतं आणि काम तितकंच चांगलं देतं. फक्त ते काळं आणि दाणेदार असावं. पूर्ण जळून पांढरी-करडी राख झालेलं तूस खारट असतं आणि मिश्रण घट्ट करतं, ते घेऊ नका. दोन्ही मिळालं नाही तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे धुऊन, धूळ काढून वापरा. शेणखत वापरायचं असेल तर ते वर्षभर कुजलेलं, वास नसलेलं हवं. ताजं शेणखत कुंडीत तापतं आणि मुळं जाळतं.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट ४-५ लिटर पाण्यात फुगवा. अर्ध्या तासात सुटते आणि तिच्यापासून ८ लिटरच्या आसपास कोकोपीट होतं. आता ती धुवायची. कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि न धुता वापरलं तर पानांच्या कडा तपकिरी होतात. जुन्या ओढणीत किंवा चुंगडीत (पोत्यात) भरून वरून पाणी सोडा, पिळा, पुन्हा सोडा. पहिलं पाणी गडद चहासारखं येतं, फिकट येईपर्यंत दोन-तीन वेळा हेच करा. नारळाच्या सालीचे तुकडेही रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या.

घरात कोणी नसतं आणि उन्हाळ्यात पाणी द्यायला दोन-तीन दिवसांचं अंतर पडतं, अशा घरांत सालीचे तुकडे एका लिटरवर आणा आणि कोकोपीट चार लिटर करा. पावसाळ्यात खोली कोंदट राहते तिथे उलट करा.

तपासा: मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून दोन-तीन थेंबांपेक्षा जास्त पाणी निघू नये, आणि मूठ उघडून गोळ्याला बोट लावलं की तो फुटावा. मग रिकाम्या कुंडीत मिश्रण भरून एक लिटर पाणी ओता. वर डबकं साचून राहिलं तर परलाईट किंवा तूस आणखी एक लिटर घाला. झाड लावल्यानंतर ही दुरुस्ती करता येत नाही.

टप्पा ५: आधार आधीच तयार ठेवा

मिश्रण भरून, झाड लावून झाल्यावर वरून काठी खुपसायची, ही फार पसरलेली चूक आहे. काठी आत जाताना मुळं कापते आणि भुसभुशीत मिश्रणात उभीही राहत नाही. आधार सगळ्यात आधी कुंडीत जातो.

बाजारात काथ्या गुंडाळलेली मॉसस्टिक सर्रास मिळते. आपल्या हवेत ती तासा-दोन तासांत सुकते आणि हवाई मुळं तिला धरत नाहीत. ती नुसती बांधायची काठी होते, आणि तेवढंच हवं असेल तर चालेल. मुळं धरावीत असं वाटत असेल तर दोन पर्याय आहेत. पहिला: दीड इंची पीव्हीसी पाईपभोवती प्लास्टिकची जाळी नळीसारखी लावायची आणि मधल्या जागेत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) किंवा कोको चिप्स आणि कोकोपीट ठासून भरायचं. जाळीला केबल टाय मारायचे. या नळीला वरून पाणी द्यावं लागतं, उन्हाळ्यात रोज. दुसरा पर्याय सागाची, रंधा न मारलेली, तीन-चार इंच रुंद खरबरीत फळी. मॉन्स्टेराची जाड मुळं खरबरीत लाकडाला छान चिकटतात, फळी टिकते आणि रोज ओली करायची कटकट नाही. नोकरी करणाऱ्या घरांसाठी फळीच बरी. रंग, पॉलिश किंवा वाळवीचं औषध लावलेलं लाकूड मात्र नको.

लांबी ठरवताना कुंडीत जाणारा भाग धरा. १० इंची कुंडीत सुमारे ९ इंच आत जाईल, वर दोन-अडीच फूट हवी, म्हणजे एकूण सव्वातीन फूट. खालच्या टोकाला दोन इंचांवर आरपार भोकं पाडून दोन आडव्या काड्या एकमेकींना छेद देत घाला. मिश्रणाचं वजन या काड्यांवर येतं आणि आधार हलत नाही.

टप्पा ६: आदला दिवस

काम करायच्या आदल्या दिवशी झाडाला नेहमीसारखं पाणी द्या. पानं भरलेली राहतात आणि मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, सुटी होत नाही. त्याच दिवशी पाणी दिलं तर चिखल होतो आणि त्याच्या वजनाने मुळं तुटतात. अगदी कोरड्या मातीतही मुळं ठिसूळ होऊन मोडतात.

सामान एका जागी जमवा: कात्री किंवा सिकेटर, ७० टक्क्यांचं स्पिरिट आणि कापूस, लाकडी काडी, घमेलं, जुन्या सुती साडीच्या पाऊण इंच रुंद पट्ट्या, जाळीचा तुकडा, रबरी हातमोजे. मोजे चुकवू नका. ही झाडं अळूच्याच कुळातली, त्यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाताला खाज सुटते, डोळ्यांत गेला तर फार जळजळतं. कापलेले तुकडे लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नका.

वेळ संध्याकाळची निवडा, जागा सावलीची.

टप्पा ७: झाड बाहेर काढणं

पानांचे देठ एकत्र घेऊन सैलसर बांधा. कुंडी आडवी करा. प्लास्टिकची असेल तर चारी बाजूंनी दाबा, मातीची असेल तर वापरात नसलेली लांब सुरी कडेने फिरवा. एक हात मातीच्या पृष्ठभागावर, खोड बोटांच्या मधे, आणि दुसऱ्या हाताने कुंडी मागे ओढा. ओढायची ती कुंडी, खोड नव्हे. भोकांतून बाहेर आलेली मुळं अडत असतील तर कुंडी कापा. ती स्वस्त असते.

जुन्या आधाराला मुळं चिकटली असतील तर ती सोडवत बसू नका. आधारासकट झाड काढा, तसंच नव्या कुंडीत न्या आणि उंच आधार त्याच्या मागे बांधा. चार फुटांपेक्षा उंच झाडाला दोन माणसं लागतात.

टप्पा ८: मुळं पाहा, मगच कात्री लावा

निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतं. जुनी मुळं बाहेरून तपकिरी दिसतात, पण दाबली तर कडक लागतात. ती चांगलीच आहेत, रंग पाहून कापू नका. सडलेलं मूळ बोटांत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा उरतो. त्याला वासही येतो. असं मूळ टणक भाग लागेपर्यंत मागे कापा, प्रत्येक सडक्या मुळानंतर पातं स्पिरिटने पुसा.

सड नसेल तर फार काही करू नका. खालच्या तिसऱ्या भागातली गोल फिरलेली मुळं बोटांनी हलकेच मोकळी करा, बस. मुळं पूर्ण धुऊन काढायची गरज नाही. प्रत्येक धुण्यात बारीक मुळं जातात आणि पाणी ओढण्याचं खरं काम तीच करतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आंध्रातल्या कडियमसारख्या नर्सरीपट्ट्यातून आलेल्या झाडांची हुंडी अनेकदा लाल चिकण मातीची असते. ती सुकली की विटेसारखी कडक होते. तशीच हलक्या मिश्रणात ठेवली तर पाणी तिच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. वरून पाहिलं तर कुंडी ओली, झाड मात्र सुकत चाललेलं. अशी हुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा आणि बोटांनी, पाण्यातच हलवत, निम्मी-पाऊण माती सोडवा. मुळांना घट्ट धरून बसलेला मधला भाग तसाच राहू द्या. हे काम फक्त पावसाळ्यात करा.

एका कुंडीत तीन-चार वेगळी रोपं निघाली तर मुळं सहज सुटत असतील तरच वेगळी करा.

सड जास्त असेल आणि निम्म्याहून अधिक मुळं कापावी लागली, तर मोठी कुंडी विसरा. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढी, गरज पडल्यास आधीपेक्षा लहान कुंडी घ्या. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात मिसळून मुळं १५ मिनिटं बुडवा. हे घराबाहेर, मोजे आणि तोंडाला रुमाल बांधून करा. मुळं निरोगी असतील तर औषधाची काहीच गरज नाही.

टप्पा ९: लावणं

१. भोकांवर जाळीचा तुकडा ठेवा. गिट्टीचा किंवा विटांचा थर देऊ नका. "खाली गिट्टी घातली की निचरा होतो" हा समज अगदी पक्का बसला आहे, पण बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोकळ्या थरात लगेच उतरत नाही. मिश्रणाचा तळ आधी पूर्ण भिजतो, मगच पाणी पुढे सरकतं. म्हणजे गिट्टीमुळे चिंब राहणारा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो.

२. आधार उभा करा, मध्यापासून थोडा मागे. आधाराचं खालचं टोक बुडाला टेकू द्या.

३. मिश्रणाचा तळ द्या. हुंडी ठेवून पाहा: तिचा वरचा भाग कुंडीच्या काठापासून इंचभर खाली यायला हवा. वर-खाली होत असेल तर आताच दुरुस्त करा.

४. झाडाची दिशा ठरवा. ज्या बाजूने हवाई मुळं फुटतात ती झाडाची पाठ, आणि पाठ आधाराकडे. पानांचा चेहरा उजेडाकडे. उलटं लावलं तर झाड स्वतःला वळवत राहतं आणि आधार कधीच धरत नाही.

५. कडेने मिश्रण सोडत जा. लाकडी काडीने हलकेच खालवर करत पोकळ्या भरा, कुंडी जमिनीवर दोन-तीनदा आपटा. मुठीने दाबू नका. एवढ्या मेहनतीने केलेली हवेशीर जागा एका दाबात जाते.

६. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच आताही असावं. झाड डुलतं म्हणून खोड खोल पुरण्याचा मोह होतो, पण पुरलेलं खोड सडतं. डुलणं थांबवायचं काम आधाराचं आहे. जमिनीलगतची लांब हवाई मुळं मात्र खुशाल मिश्रणात वळवा.

७. साडीच्या पट्टीने खोड बांधा. पट्टीचा इंग्रजी आठचा आकार करा, एक वळसा खोडाला आणि एक आधाराला, मध्ये करंगळी जाईल एवढी ढील. बांधायचं ते खोड. पानाचा देठ बांधला तर पान उजेडाकडे वळू शकत नाही आणि देठ मोडतो. तार किंवा नायलॉनची दोरी खोडात रुतते.

तपासा: आधार धरून हलवा. झाड आणि आधार एकत्र हलले पाहिजेत, वेगवेगळे नाहीत.

टप्पा १०: पहिलं पाणी

झारीने, सावकाश, सगळीकडे फिरवत पाणी द्या. खालून पाणी आलं की दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा द्या. मिश्रण खाली बसेल, तेवढं वरून भरा. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मुळं बरीच कापली असतील तर हे पाणी दोन दिवसांनी द्या. तोवर मिश्रणातली ओल पुरते.

पाण्याबद्दल दोन गोष्टी खास नागपूरसाठी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. झाडांना पहाटेचं किंवा रात्री बादलीत भरून ठेवलेलं पाणीच द्या. आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्यापेक्षाही खारं झालेलं असतं. एसीच्या नळीतून गळणारं पाणी चालतं.

टप्पा ११: पुढचे सहा आठवडे

झाड भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. पूर्वेची खिडकी किंवा पडद्याआडची दक्षिणेची चांगली. पंधरा दिवस जागा बदलू नका. सहा आठवडे कुठलंही खत नको. मिश्रणात गांडूळखत आहे, आणि ताज्या जखमांच्या मुळांना रासायनिक खत जाळतं. कुलरच्या खोलीतली ओलसर हवा पानांना मानवते, पण थेट झोत नको. त्याने कुंडीची एकच बाजू सुकते आणि पानं फाटतात.

पुढचं पाणी वार पाहून देऊ नका. बोट दोन पेरांपर्यंत घाला, कोरडं लागलं तरच द्या. लाकडी काडी बुडापर्यंत घालून काढली की खालची ओलही कळते. पावसाळ्यात घरातल्या कुंडीला आठ-दहा दिवस पाणी लागत नाही असंही होतं, मे महिन्यात तिसऱ्या दिवशी लागतं. कोकोपीट पूर्ण कोरडं झालं तर पाणी झिडकारतं. तेव्हा कुंडी अर्धा तास टबात ठेवून खालून पाणी ओढू द्या.

पाण्याच्या बाटलीत वाढलेला मनीप्लांट मातीत लावला असेल तर त्याला हे लागू नाही. त्याच्या मुळांना पाण्याची सवय असते, म्हणून पहिले पंधरा दिवस मिश्रण सतत ओलसर ठेवा आणि मग हळूहळू अंतर वाढवा.

काय बिघडलं, कसं ओळखायचं

पहिले तीन-पाच दिवस पानं थोडी झुकली, खालची एक-दोन पिवळी पडली, तर काही करू नका. झाड तेवढा भार स्वतःच कमी करतं.

पानं झुकली आहेत आणि मिश्रण ओलं आहे, तर पाणी बंद करा. तीन-चार दिवसांनीही सुधारणा नसेल, नवीन पान उघडण्याआधीच काळं पडत असेल किंवा वास येत असेल, तर झाड बाहेर काढा आणि टप्पा ८ पुन्हा करा. वाट पाहिली की सड खोडात चढते. खोडाचा वरचा भाग टणक असेल तर हवाई मूळ आणि गाठ असलेला तुकडा कापून ओल्या मॉसमध्ये लावा. झाड वाचवायचा तो शेवटचा, पण भरवशाचा मार्ग आहे.

पानं झुकली आहेत आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागते, तर ती तहान आहे, किंवा आतली चिकण हुंडी कोरडी आहे. टबात ठेवा.

पानांच्या कडा तपकिरी आणि मिश्रणावर पांढरा थर, म्हणजे क्षार साचले. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी वरून सावकाश सोडून धुऊन काढा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं. मिश्रणाभोवती बारीक चिलटं उडत असतील तर वरचा इंचभर थर प्रत्येक वेळी सुकू द्या, त्यांच्या अळ्या तिथल्याच ओलीवर जगतात.

नवीन पान उलगडू लागलं, सहसा तीन ते सहा आठवड्यांत, की मुळांनी जागा धरली असं समजा. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा पातळ द्रवखत सुरू करा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं. साडीच्या पट्ट्या दर दोन महिन्यांनी सैल करा आणि वर चढलेल्या खोडाला नवी पट्टी बांधा. ऑक्टोबर संपला की खत थांबवा, ते थेट फेब्रुवारीत पुन्हा सुरू करा.